कर्क-मूलकोशिकांतील औषधप्रतिरोध

कर्क-मूलकोशिकांतील औषधप्रतिरोध : कर्करोगाच्या गाठीतील (अर्बुदातील) ज्या थोड्या कोशिका (पेशी) स्वतःसारख्या नव्या कोशिका निर्माण करू शकतात व त्याचबरोबर गाठीतील इतर सर्व प्रकारच्या कोशिकांनाही जन्म देतात, त्यांना कर्क-मूलकोशिका म्हणतात. कर्करोगावरील बहुतेक औषधांना व प्रारणोपचाराला (किरणोपचाराला) या कोशिका गाठीतील इतर कोशिकांच्या मानाने पुष्कळच कमी दाद देतात. त्यांच्या या गुणधर्मास औषधप्रतिरोध अशी संज्ञा आहे. उपचाराने गाठ दिसेनाशी झाल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग उलटतो, याचे एक प्रमुख कारण या कोशिकांचे टिकून राहणे हे होय, असे मानले जाते. [⟶ कर्करोग, कोशिका].

कोल्हापूर परिसरातील शेतकऱ्यास परिचित असलेल्या उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. लागणीचा ऊस तोडून नेल्यावर रान मोकळे दिसते. परंतु जमिनीतील बुडख्यांवरचे डोळे जिवंत असतात व त्यांपासूनच खोडव्याचे पीक फुटून येते. रूढ औषधे गाठीतील वेगाने वाढणाऱ्या कोशिकांची जणू तोडणी करतात. बुडखे मात्र शिल्लक राहतात. म्हणून गाठीचा आकार किती घटला एवढ्यावरून उपचाराचे अंतिम यश ठरविता येत नाही. उरलेल्या कोशिका कोणत्या प्रकारच्या आहेत, यावर रुग्णाचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते.

संकल्पनेचा विकास : रक्त, त्वचा, आतड्याचे अस्तर इ. सतत झिजणाऱ्या ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांची) भरपाई प्राकृतिक (सर्वसाधारण) मूलकोशिका आयुष्यभर करीत असतात. कर्करोगाचा उगमही अशाच आदिम स्वरूपाच्या कोशिकांतून होत असावा, अशी कल्पना जर्मन विकृतिवैज्ञानिक यूलिउस कोनहाइम यांनी १८७७ च्या सुमारास मांडली होती. तिला प्रायोगिक आधार मात्र शतकाहून अधिक काळाने मिळाला. १९९४ मध्ये टोराँटो येथे जॉन डिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा कर्करोग) झालेल्या रुग्णांच्या कोशिका प्रतिरक्षाहीन उंदरांत टोचल्या. तेव्हा सुमारे अडीच लाख कोशिकांतील एखादीच कोशिका उंदरात रोग उत्पन्न करू शकते, असे दिसून आले. अशा कोशिका पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांवरून ओळखता येतात, हेही या प्रयोगांत आढळले.

घन अर्बुदांतील पहिला महत्त्वाचा पुरावा २००३ मध्ये अमेरिकेत मायकेल क्लार्क यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला. स्तनाच्या कर्करोगातील सीडी ४४ हे प्रथिन असलेल्या आणि सीडी २४ हे प्रथिन नसलेल्या किंवा अत्यल्प असलेल्या केवळ १०० कोशिकांपासून उंदरात गाठ तयार झाली. याउलट, अन्य प्रकारच्या हजारो कोशिका टोचूनही गाठ झाली नाही. त्यानंतर मेंदू, मोठे आतडे, तसेच डोके व मान यांच्या कर्करोगांतही अशा कोशिका आढळल्या. डोके व मान यांच्या कर्करोगांविषयीचा निष्कर्ष (२००७) भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तंबाखूच्या व्यसनामुळे भारतीय पुरुषांत मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असून कोल्हापूरलगतचा निपाणीचा प्रदेश तर तंबाखूच्या पिकासाठी व व्यापारासाठीच प्रसिद्ध आहे.

ही संकल्पना सर्वच कर्करोगांना सारखीच लागू पडते असे नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अधिक प्रतिरक्षाहीन उंदीर वापरले असता कृष्णकर्काच्या (त्वचेतील रंगद्रव्य-कोशिकांच्या कर्करोगाच्या) सुमारे चार कोशिकांमागे एक कोशिका गाठ निर्माण करू शकते, असे दिसले. म्हणजे मूलकोशिका नेहमीच विरळ असतात हे म्हणणे बरोबर नाही. मोजणीचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते. २०१२ मध्ये मात्र उंदराच्या शरीरातच वाढणाऱ्या त्वचा, आतडे व मेंदू यांतील गाठींमध्ये कोशिकांची वंशावळ शोधून काढण्यात आली. तीवरून गाठीची वाढ काही विशिष्ट कोशिकांकडूनच होते, या मतास पुष्टी मिळाली.

प्रतिरोधाची कारणे : कर्क-मूलकोशिकांचा प्रतिरोध एकाच यंत्रणेमुळे येत नाही. पुढील यंत्रणा कमीअधिक प्रमाणात एकत्र कार्य करतात.

(१) सुप्तावस्था : बहुसंख्य कर्करोगविरोधी औषधे विभाजन पावणाऱ्या कोशिकांवर आघात करतात. काही औषधे डीएनएच्या निर्मितीत अडथळा आणतात, तर काही विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढून अलग करणाऱ्या सूक्ष्म तंतूंवर परिणाम करतात. पुष्कळ मूलकोशिका दीर्घकाळ विभाजन न होता सुप्तावस्थेत असतात. त्यामुळे औषधाला आघातासाठी लक्ष्यच मिळत नाही. औषध थांबल्यावर त्या जागृत होऊन पुन्हा विभाजित होऊ लागतात.

(२) औषध बाहेर टाकणारे पंप : १९७६ मध्ये रुडॉल्फ ज्युलियानो व व्हिक्टर लिंग यांना औषधप्रतिरोधी कोशिकांच्या पटलात पी-ग्लायकोप्रथिन हे प्रथिन सापडले. एटीपी या ऊर्जावाहक संयुगाची ऊर्जा वापरून हे प्रथिन कोशिकेत शिरलेले औषध बाहेर फेकते. एकच पंप रासायनिक दृष्ट्या भिन्न असलेल्या अनेक औषधांना बाहेर काढत असल्यामुळे एका औषधाला प्रतिरोधी झालेली कोशिका इतर औषधांनाही दाद देत नाही. एबीसीजी-२ हा याच कुलातील दुसरा पंप मूलकोशिकांत विशेषेकरून आढळतो. हे पंप असलेल्या कोशिका विशिष्ट रंजकद्रव्यही बाहेर टाकतात व त्यामुळे रंगहीन राहतात. १९९६ मध्ये प्रथम उंदराच्या अस्थिमज्जेत दिसलेला हा गुणधर्म पुढे मूलकोशिका वेगळ्या करण्यासाठी वापरला जाऊ लागला.

या पंपांचे व्यावहारिक महत्त्व महाराष्ट्राशी संबंध असलेल्या काही औषधांवरून ध्यानात येते. कॅम्प्टोथेसीन (१९६६) व टॅक्सॉल (१९७१) या दोन वनस्पतिज द्रव्यांची संरचना अमेरिकेत मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी निश्चित केली. वाणी (१९२५–२०२०) यांचा जन्म नंदुरबार येथे झाला होता व त्यांचे शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले होते. कॅम्प्टोथेसीन प्रथम एका चिनी वृक्षातून मिळाले. पुढे १९७२ मध्ये ते नरक्या या भारतीय वृक्षातही असल्याचे प्रसिद्ध झाले. नरक्या कोल्हापूरच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित वनांत वाढतो आणि या द्रव्यासाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे त्याची संख्या घटली आहे. कॅम्प्टोथेसिनापासून बनविलेले टोपोटेकान हे औषध एबीसीजी-२ पंप बाहेर टाकतो. टॅक्सॉल तसेच सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन ही औषधे पी-ग्लायकोप्रथिन बाहेर टाकते. अशा रीतीने दुर्मिळ वृक्षापासून कष्टाने मिळविलेले द्रव्य ज्या कोशिकेसाठी सर्वांत आवश्यक असते, तिच्यातच ते टिकत नाही.

(३) औषधाचे निर्विषीकरण : ॲल्डिहाइड डीहायड्रोजनेज या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) प्रमाण अनेक कर्क-मूलकोशिकांत जास्त असते. सायक्लोफॉस्फामाइडाचे शरीरात जे क्रियाशील रूप तयार होते, त्याच्या पूर्वगामी संयुगाचे हे एंझाइम निरुपद्रवी अम्लात रूपांतर करते. अस्थिमज्जेतील प्राकृतिक मूलकोशिका या औषधापासून वाचतात त्या याच एंझाइमामुळे. यावरून मुख्य अडचण स्पष्ट होते : कर्क-मूलकोशिकांचे कवच हे मूलतः शरीराने स्वतःच्या मूलकोशिकांच्या रक्षणासाठी घडविलेले कवच आहे.

(४) डीएनएची दुरुस्ती व मृत्यूस नकार : प्रारण व अनेक औषधे डीएनए तोडून कोशिकेला नियोजित मृत्यूकडे ढकलतात. मेंदूच्या मारक अर्बुदातील मूलकोशिका डीएनएला इजा होताच तपासणी-यंत्रणा तत्परतेने कार्यान्वित करतात, विभाजन थांबवितात व दुरुस्ती करून घेतात, असे २००६ मध्ये आढळले. बीसीएल-२ सारख्या मृत्युरोधक प्रथिनांचे आधिक्य हेही अनेक प्रकारांत प्रतिरोधाचे कारण असते.

(५) परिसर व रूपांतरक्षमता : मूलकोशिका ज्या कोनाड्यासारख्या जागी राहतात, तेथील आधारकोशिका, रक्तवाहिन्या व ऑक्सिजनाची कमतरता त्यांना संरक्षण देतात. शिवाय मूलकोशिका ही स्थिर जात नसून पुष्कळदा ती एक अवस्था असते. उपकला कोशिका (पृष्ठभागावरील आवरण बनविणाऱ्या कोशिका) परस्परांना धरून राहणे सोडून स्थलांतरक्षम झाल्या की, त्यांच्यात मूलकोशिकांचे गुण येतात, असे २००८ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. म्हणजे सर्व मूलकोशिका नष्ट केल्या, तरी उरलेल्या सामान्य कर्ककोशिकांतून नव्या मूलकोशिका तयार होण्याचा संभव राहतो.

महाराष्ट्रातील संशोधन : कोशिका शरीराबाहेर वाढवून कर्करोगाचा अभ्यास करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली होती. कर्क-मूलकोशिकांविषयीचे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे काम पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी अंडकोशाच्या प्रगत कर्करोगाच्या एका रुग्णाच्या जलोदरातील द्रवातून कोशिकांचे वेगवेगळे वंश (एकाच कोशिकेपासून झालेले समूह) वाढविले. त्यांतील एक वंश गाठ निर्माण करणारा निघाला व दुसऱ्या एका वंशात संवर्धन चालू असतानाच तसा बदल घडून आला. हे वंश गोलकांच्या रूपात वाढत, उंदरात मानवी रोगासारखीच गाठ व प्रक्षेप (रोगाचा दूरच्या अवयवांतील प्रसार) निर्माण करीत आणि एका उंदरातून दुसऱ्यात नेल्यावरही ही क्षमता टिकवून ठेवत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम अंडकोशाच्या कर्करोगातील मूलकोशिकांविषयीच्या जगातील आरंभीच्या कामांपैकी आहे.

याच केंद्रातून २००९ मध्ये स्नेल व स्लग या दोन नियंत्रक प्रथिनांविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. ही प्रथिने पी-५३ या रक्षक प्रथिनाने घडवून आणावयाचा कोशिकामृत्यू रोखतात व त्याच वेळी कोशिकेला मूलकोशिकेचे गुण देतात. त्यामुळे औषध व प्रारण या दोहोंनाही प्रतिरोध निर्माण होतो, असे त्यात दाखविले आहे. अंडकोशाच्या कर्करोगात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. शस्त्रक्रिया आणि प्लॅटिनमयुक्त औषध व टॅक्सॉल यांना बहुसंख्य रुग्ण प्रथम उत्तम प्रतिसाद देतात. तथापि रोग प्रगत अवस्थेत सापडला असल्यास त्यांच्यापैकी बहुतेकांत तो पुन्हा उद्‌भवतो व उत्तरोत्तर औषधांना जुमानत नाही. कोल्हापूर येथे डी. वाय. पाटील एज्युकेशन सोसायटी या अभिमत विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात मूलकोशिका व पुनर्जनन वैद्यक या विषयांचा विभाग असून या ज्ञानशाखेचे शिक्षण व संशोधन त्यामुळे महानगरांबाहेरही होऊ लागले आहे.

प्रतिरोधावर मात करण्याचे मार्ग : पंप बंद पाडणे हा सर्वांत आधी सुचलेला मार्ग होय. रक्तदाबावरील व्हेरापामील हे औषध पंपाला अडवून व्हिंक्रिस्टिनाचा परिणाम वाढविते, असे १९८१ मध्ये जपानमध्ये आढळले. त्यानंतर अधिक प्रभावी पंपरोधके तयार झाली. परंतु रुग्णांवरील चाचण्यांत त्यांची निराशा झाली. आतडे, यकृत व मेंदूच्या रक्तवाहिन्या यांतील हेच पंप शरीराचे विषांपासून रक्षण करीत असल्याने ते बंद केल्यास औषधाची विषाक्तता वाढते. शिवाय एक पंप अडविला, तरी दुसरा काम करू शकतो.

मूलकोशिकांच्या स्वनूतनीकरणास आवश्यक असलेले संदेशमार्ग (डब्ल्यूएनटी, नॉच, हेजहॉग) रोखणे हा दुसरा मार्ग होय. हेजहॉग मार्ग रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध त्वचेच्या आधारकोशिका कर्कासाठी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र हेच मार्ग प्राकृतिक ऊतकांनाही लागत असल्याने केस गळणे, चव जाणे, स्नायूंत पेटके येणे यांसारखे उपद्रव होतात; नॉच मार्ग रोखल्यास आतड्याच्या अस्तराला इजा होऊन अतिसार होतो.

मूलकोशिकेला मारण्याऐवजी तिला परिपक्व होण्यास भाग पाडणे, म्हणजे विभेदन घडवून आणणे, हा तिसरा व एका रोगात तरी पूर्ण यशस्वी झालेला मार्ग आहे. तीव्र प्रोमायलोसाइटी श्वेतकोशिकार्बुदात अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक अम्ल दिल्यास अपक्व कोशिका परिपक्व होऊन नैसर्गिक रीत्या मरतात. शांघाय येथील २४ रुग्णांवरील अशा उपचाराचे उत्तम परिणाम १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आर्सेनिक ट्रायऑक्साइडाची (सोमलाची) जोड मिळाल्यावर एकेकाळी अत्यंत घातक असलेला हा रोग बहुसंख्य रुग्णांत बरा होऊ लागला.

चौथा मार्ग मूलकोशिकांच्या विशिष्ट दुर्बलतेवर आघात करण्याचा आहे. तीव्र मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदातील मूलकोशिका ऊर्जेसाठी कलकणूंतील (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील) ऑक्सिडीकरणावर फार अवलंबून असतात. बीसीएल-२ प्रथिनास रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स व त्याच्या जोडीला ॲझासायटिडीन दिल्यास ही ऊर्जानिर्मिती विस्कळित होते. तीव्र औषधयोजना सोसू न शकणाऱ्या वृद्ध रुग्णांसाठी ही जोडी २०१८ पासून वापरात आली. मात्र काही रुग्णांत हिलाही प्रतिरोध निर्माण होतो. २००९ मध्ये सुमारे १६,००० संयुगांच्या चाळणीतून स्तनकर्काच्या मूलकोशिकांवर परिणामकारक म्हणून सॅलिनोमायसीन निवडले गेले. कोंबड्यांच्या खाद्यात वापरले जाणारे हे द्रव्य माणसास विषारी असल्याने ते अद्याप रूढ उपचारांत आलेले नाही.

प्रतिरक्षोपचार हा पाचवा मार्ग. रुग्णाच्या टी-कोशिका बाहेर काढून त्यांत कर्ककोशिका ओळखणारा ग्राहक बसवितात व त्या पुन्हा शरीरात सोडतात. टी-कोशिकेला पंप बाहेर टाकू शकत नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने विकसित झालेल्या अशा पहिल्या भारतीय उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो बी-कोशिकांच्या काही रक्तकर्कांसाठी आहे. कर्ककोशिकेने ओळखीचे प्रथिनच गमावल्यास येथेही रोग उलटू शकतो.

उपचार थांबविण्याचा प्रश्न : चिरकारी (दीर्घकालिक) मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुद हे या विषयाचे बोलके उदाहरण आहे. २००१ पासून वापरात आलेल्या इमॅटिनिबामुळे या रोगाचे रुग्ण रोज गोळी घेऊन अनेक वर्षे जवळजवळ नेहमीचे आयुष्य जगू लागले. परंतु हे औषध सुप्त मूलकोशिकांना मारीत नाही. फ्रान्समध्ये किमान दोन वर्षे रोगाचा रेणवीय मागमूस न राहिलेल्या निवडक रुग्णांचे औषध थांबविण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांत रोग परतला, तोही बहुधा सहा महिन्यांच्या आत; सुमारे ४० टक्के रुग्णांत मात्र तो परतला नाही. ज्यांच्यात परतला त्यांनाही औषध पुन्हा सुरू केल्यावर गुण आला. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात : बरे वाटते म्हणून रुग्णाने आपण होऊन औषध सोडणे धोक्याचे आहे, आणि शरीराची प्रतिरक्षा उरलेल्या थोड्या मूलकोशिकांना ताब्यात ठेवू शकते, असे काही रुग्णांत तरी दिसते.

घरगुती द्रव्यांविषयीही असाच विवेक आवश्यक आहे. सांगलीच्या बाजारपेठेमुळे या भागात सर्वपरिचित असलेल्या हळदीतील कुर्क्युमीन हे द्रव्य प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्क-मूलकोशिकांवर परिणाम करते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तथापि ते आतड्यातून फारच कमी शोषले जाते व रुग्णांत त्याने कर्करोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. काचपात्रातील परिणाम आणि रुग्णाचे बरे होणे यांत मोठे अंतर असते.

अल्पखर्चाच्या उपचारांचा शोध याच प्रश्नाशी निगडित आहे. टाटा स्मारक केंद्रात डोके व मान यांच्या प्रगत, बरे न होणाऱ्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब यांच्या अल्प मात्रा तोंडाने सातत्याने देण्याच्या पद्धतीची सिसप्लॅटिनाच्या अंतःक्षेपणांशी (इंजेक्शनांशी) तुलना करण्यात आली. गोळ्या घेणाऱ्यांचा मध्यक जीवितकाल ७·५ महिने, तर सिसप्लॅटीन घेणाऱ्यांचा ६·१ महिने आढळला. गोळ्यांचे उपद्रवही कमी होते. हा लाभ मूलकोशिकांवरील परिणामामुळे झाला, असे या चाचणीने दाखविलेले नाही. परंतु मोठ्या मात्रेचा आघात प्रत्येक वेळी श्रेष्ठ ठरतो असे नाही, हे तीवरून दिसते.

मूल्यमापन : कर्क-मूलकोशिकांवर एकाच औषधाने विजय मिळविण्याचे बहुतेक प्रयत्न आतापर्यंत अपुरे ठरले आहेत. प्रतिरोधाची कारणे अनेक असल्याने आणि सामान्य कर्ककोशिका मूलकोशिकेचे रूप घेऊ शकत असल्याने, गाठीचा मुख्य भाग नष्ट करणारा रूढ उपचार व मूलकोशिकांना लक्ष्य करणारे औषध यांची सांगड घालणे, हेच धोरण सध्या सर्वाधिक सयुक्तिक वाटते. त्यासाठी उपचारानंतर उरलेल्या सूक्ष्म रोगाची मोजणी करण्याच्या पद्धती, प्राकृतिक मूलकोशिकांना वाचविणारी मात्रा आणि दीर्घकाळ रुग्णांची पाहणी यांची गरज आहे. रोग लवकर ओळखणे व तंबाखूसारखी कारणे टाळणे यांचे महत्त्व या संशोधनाने कमी होत नाही, उलट वाढतेच. कारण आरंभीच्या अवस्थेतील लहान गाठ शस्त्रक्रियेने समूळ काढता येते आणि तिच्याबरोबर तिच्यातील मूलकोशिकाही शरीराबाहेर जातात.